परत केलेले माईक

६ जानेवारी, सोमवार

लेकीने पाठवलेली तारखांची वही आज उघडली. पहिली पानं कोरीच राहिली, कारण लिहिण्यासारखं काही घडलं नाही. आज घडलं.

दुपारी युनिफॉर्मवाल्या बाई दुकानात आल्या. शाळांचे गणवेश शिवायचा त्यांचा मोठा हॉल आहे. आम्ही शिलाई मशीन दुरुस्त करतो. म्हणजे मिस्त्री करतात, मी काउंटर सांभाळते. मिस्त्री माझा नवरा. सगळं जग त्यांना मिस्त्री म्हणतं, मग मी एकटीने नाव घेऊन काय करू?

बाई म्हणाल्या, "मिस्त्री, तुमचा कान माझ्या मुलींना द्या." म्हणजे असं की कुठल्या आवाजाचा अर्थ काय, मशीन कधी थांबवायचं, हे सांगणारे मिनिटभराचे व्हिडिओ करून द्यायचे. मुली मोबाइलवर बघतील. आवडले तर मार्चपासून पूर्ण हॉलच्या मशीनची देखभाल आमच्याकडे.

हे काम मिळालं तर दुकान राहील. हल्ली मशीन बिघडलं की लोक नवीन घेतात. शेजारचा मोबाइलची कव्हरं विकणारा दर महिन्याला मायेने विचारून जातो, "वहिनी, गाळा सोडताय का?"

मिस्त्रींचा कान आमच्या भागात प्रसिद्ध आहे. गिऱ्हाईक तक्रार सांगायला लागलं की ते हात वर करायचे. "तुम्ही थांबा. तिला बोलू द्या." मग मशीन चालवायचं, डोळे मिटायचे, आणि झाकण न उघडता सांगायचं की बॉबिनची केस झिजली आहे, किंवा सुईचा दांडा घासतोय. कधी चुकले नाहीत. त्या मिटलेल्या डोळ्यांवर भाळूनच मी लग्न केलं, हे अजून त्यांना सांगितलेलं नाही.

बाईंच्या बोलण्यावर ते फक्त "हं" म्हणाले. आजकाल ते कशालाच नाही म्हणत नाहीत. पूर्वी मी उजवीकडे वळू म्हटलं की त्यांचं हमखास डावीकडे काम निघायचं. पन्नाशीत माणूस निवळतो म्हणतात. आमच्याकडे वेळेवर निवळला.

८ जानेवारी, बुधवार

दोन दिवस मी फक्त व्हिडिओ कसे करावेत याचे व्हिडिओ बघते आहे. एक मुलगा आहे, तो खोकी उघडतो. "आपल्या बजेटमध्ये" असं म्हणून तो जे काढतो, ते आमच्या फ्रिजपेक्षा महाग असतं. दुसरी एक मुलगी म्हणते, काहीच घेऊ नका, आणि तिच्या मागे चार दिवे जळत असतात.

लेकीला फोन केला. ती म्हणाली, "आई, कॅमेरा नको, दिवा नको. तुझा मोबाइल पुरे. खिडकीजवळ बसा. फक्त एक बरा माईक घे. चित्र जरा खराब असलं तर चालतं. आवाज खराब असला की माणूस पुढे सरकतो."

"आणि जोडाजोडी?"

"फुकटचं ॲप आहे. तू ब्लाउजला अस्तर लावतेस, तुला हे जमेल."

बोलताना मागे टीव्ही एवढा मोठा होता की ती म्हणाली, "तुम्ही लग्नाच्या हॉलमध्ये आहात का?" वरच्या मजल्यावरच्या नणंदबाईही दुपारी आल्या होत्या, तक्रार घेऊनच. "वहिनी, दादाच्या बातम्या मला वर झोपून ऐकू येतात. बाबांचंही शेवटी असंच झालं होतं." सासरेबुवांना टीव्हीचं वेड होतं हे खरं. घराण्यातच आहे ते.

११ जानेवारी, शनिवार

माईक आणला. कॉलरला लावायचा, वायरवाला. दुकानदाराने तीन दाखवले, मी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग सोडून मधला घेतला. आयुष्यभर मी असंच घेत आले आहे.

दुकानाच्या मागच्या खोलीत खिडकीजवळ मशीन मांडलं. एका बाजूला काळोखी यायची, तिथे पांढरा पुठ्ठा उभा केला, तर उजेड उलट येऊन मशीनवर पडला. स्टँड घेतला नाही. रिळांच्या खोक्यांवर मोबाइल टेकवला आणि मागून इस्त्रीचा आधार दिला. खोकीवाल्या मुलाला बघू दे.

मिस्त्री छान बोलले. मग त्यांना ऐकवलं. मोबाइल कानाशी धरून त्यांनी बराच वेळ ऐकलं.

"पोचत नाही," म्हणाले.

"काय पोचत नाही?"

"बारीक आवाज. जाड तेवढा येतोय. मशीनचं खरं बोलणं बारीक आवाजात असतं."

मला तर सगळं ऐकू आलं होतं. पण कान त्यांचा. परत करते.

१५ जानेवारी, बुधवार

दुकानदार माईक लावून ऐकत बसला. "ताई, टकटक नीट येतेय की."

मी म्हटलं, "तुम्हाला नीट वाटेल. आमच्या घरी जाणकार आहेत."

पुढचा महाग, बिनवायरचा घेऊन आले. तो चेहरा पाडून बदलून द्यायला तयार झाला, तेव्हाच मला कळलं की पहिला नक्की खराब होता.

२० जानेवारी, सोमवार

बिनवायरचाही पोचत नाही.

एक गंमत लिहून ठेवते. कॅमेरा आला आणि आमच्या मिस्त्रींमधला नट जागा झाला. आता ते मशीन चालू झालं की डोळे मिटून तळहात टेबलावर ठेवतात, अगदी नाडी बघितल्यासारखा. मग हळूच मशीनच्या मानेवर दोन बोटं. मी म्हटलं, "अहो, हे केव्हापासून?" ते म्हणाले, "काय?" मी म्हटलं, "ही अदा." ते म्हणाले, "हं." चित्रात मात्र फार सुंदर दिसतं. मी तो तुकडा दोनदा घेतला.

आणखी एक बदल. गिऱ्हाइकाला ते स्वतः विचारतात, "काय त्रास आहे?" आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघून नीट ऐकून घेतात. एवढी वर्षं मी सांगून थकले होते की माणसांशी दोन शब्द बोलावेत. शेवटी माझ्या बोलण्याचा उपयोग झाला.

ॲप शिकते आहे. कापणं सोपं, थांबणं अवघड. पहिल्या व्हिडिओत मी एवढं कापलं की मिस्त्रींनी श्वास घेतलेला दिसतच नाही. लेक म्हणाली, "आई, बाबांना जगू दे."

तिने असंही सुचवलं की खाली अक्षरं द्यावीत, बोललेलं लिहून. मी नाही म्हटलं. आवाजाचा व्हिडिओ आणि खाली वाचायचं? उद्या लोक गाण्याच्या खाली सूर लिहितील.

२७ जानेवारी, सोमवार

तिसरा माईक. हा टेबलावर ठेवायचा, बराच वजनदार. सोबत मिस्त्रींनी स्वतः निवडून हेडफोन घेतले. कान पूर्ण झाकणारे. त्यांनी आपणहून काही मागायची ही पहिलीच वेळ, म्हणून मी किमतीकडे बघितलं नाही. हेडफोन लावून ते हसले. "हं. आता येतंय काहीतरी." मला एवढं बरं वाटलं की मी दुकानदाराला चहा पाजला.

युनिफॉर्मवाल्या बाईंनी त्यांच्या हॉलमधलं एक मशीन नमुन्याला पाठवलं होतं. निरोगी मशीनचा आवाज कसा असतो हे आधी दाखवावं, ही मिस्त्रींची कल्पना. तेल घातलं, चालवलं, डोळे मिटले, आणि म्हणाले, "ही ठणठणीत आहे. हा आवाज लक्षात ठेवा."

संध्याकाळी जोडायला बसले तर मागे सारखी चिवचिव. पक्ष्याच्या पिल्लासारखी, सुई खाली गेली की एकदा. खिडकी तर बंद होती. म्हणजे पुन्हा माईकच. वजनदार असून याच्या पोटात काहीतरी सुटलेलं आहे. मिस्त्रींना विचारलं, "चिवचिव येते का हो?" ते म्हणाले, "छे."

पण मी आता पूर्वीची राहिलेली नाही. ॲपमध्ये नको तो आवाज पुसायची पट्टी असते. ती हळूहळू सरकवली. चिवचिव विरत विरत गेली आणि मशीन रेशमासारखं चालायला लागलं. मलाच माझं कौतुक वाटलं.

१ फेब्रुवारी, शनिवार

बाईंचा निरोप: "किती स्वच्छ आवाज. मुलींना दाखवला." मशीनही परत हॉलमध्ये गेलं. मी नणंदबाईंना व्हिडिओ दाखवला. त्या म्हणाल्या, "दादा देखणा दिसतो. पण वहिनी, तो तुझ्याशी इतका मोठ्याने का बोलतो गं आजकाल? भांडण आहे का?"

भांडायला दोघं लागतात. आमच्यात एक नुसतं "हं" म्हणतो.

५ फेब्रुवारी, बुधवार

बाईंचा फोन. आवाजावरूनच कळलं. ते ठणठणीत मशीन काल ऐन कामात अडकलं. सुईचा दांडा घासून घासून वाकला, शाळेची ऑर्डर अर्धी राहिली.

"चालवणारी मुलगी म्हणते, तिच्या हाताला आठवडाभर कंप लागत होता. पण मिस्त्रींनी व्हिडिओत ठणठणीत म्हटलंय म्हणून ती कोणाला बोलली नाही. मिस्त्रींनी कानाने तपासलं होतं ना?"

"हो. त्यांनीच."

"मग?"

मी काहीतरी बोलले. इथून तिथे नेताना हादरे बसले असतील असं. फोन ठेवल्यावर मिस्त्रींना सांगितलं. ते स्क्रूड्रायव्हर पुसत बसले. तो आधीच स्वच्छ होता.

मग माझ्या मनात ते पिल्लू चिवचिवलं. सुई खाली गेली की एकदा.

मी पुसलं ते काय होतं?

पण तसं असेल तर माईक चांगला होता. आणि माईक चांगला असेल तर

इथे चहा उतू गेला.

९ फेब्रुवारी, रविवार

दुकान बंद. मिस्त्री मागच्या खोलीत बाईंनी परत पाठवलेलं ते दांडा वाकलेलं मशीन खोलून बसले होते. मला मूळ, न पुसलेला तुकडा ऐकायचा होता. माझे इअरफोन सापडेनात म्हणून त्यांचे हेडफोन घेतले, डोक्यावर चढवले आणि सुरू केलं.

कानाखाली कोणी वाजवावी तसं झालं. मी हेडफोन फेकूनच दिले. हेडफोनवरच्या बटणाने आवाज शेवटपर्यंत चढवलेला. त्यापुढे जागाच नव्हती.

पहिला विचार आला तो लिहून ठेवते, लाज वाटली तरी: माझं बोलणं ऐकू येऊ नये म्हणून हे एवढा मोठा आवाज ठेवतात.

आवाज कमी करून पुन्हा ऐकलं. चिवचिव स्पष्ट होती. तेल नसलेल्या बिजागरीसारखी. मला ऐकू येते, दुकानदाराला आली असती, रस्त्यावरच्या कोणालाही आली असती.

मी खोलीच्या दारात गेले. ते पाठमोरे होते. नेहमीच्या आवाजात म्हटलं, "अहो, मी तुमचं हत्यारांचं कपाट विकून टाकते."

त्या कपाटाला कोणी हात लावला तर ते जेवत नाहीत. ते स्क्रू काढत राहिले.

"तुमच्या बहिणीचं म्हणणं बरोबर असतं, असं मला वाटायला लागलंय."

स्क्रू काढत राहिले.

मग मी जे म्हटलं ते इतक्या वर्षांत म्हटलं नव्हतं, आणि इथेही लिहीत नाही. ते मिटलेल्या डोळ्यांबद्दल होतं. त्यांनी स्क्रू काढला, वाटीत टाकला आणि दुसरा शोधला.

मी जाऊन टेबलावर हात ठेवला. ते लगेच वळले. "काय गं?"

"काही नाही," मी म्हटलं. "चहा ठेवू का?"

ते माझ्या ओठांकडे बघत होते. किती महिने असे बघत असतील, आणि मी समजत होते की या वयात पुन्हा मी आवडायला लागले.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मी तीन दिवस युक्ती शोधली. आज दुपारी गिऱ्हाईक नसताना त्यांच्या समोर बसून म्हटलं, "मला वाटतं, सगळेच माईक टाकाऊ. स्वस्तातले असेच असतात. आपण आवाजाचं सोडून देऊ. दुसरं काहीतरी दाखवू."

त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"माईकचं काही बिघडलेलं नाही," म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"वर्ष झालं असेल. आधी बारीक आवाज गेले. मग तुझे शब्द अर्धे अर्धे यायला लागले. बाबांचं असंच झालं होतं."

"मग मला सांगायचं नाही? मी बिचाऱ्या दुकानदाराशी भांडून आले."

"तू एवढ्या हौशीने परत करायला जायचीस." ते हसले, पण नीट नाही. "मला वाटायचं, एखादा खरंच खराब निघेल."

त्यांच्यासाठी मी माईक बदलत होते, आणि माझ्यासाठी ते बदलू देत होते.

"लोक माझ्याकडे कानासाठी येतात," ते म्हणाले. "तो गेला म्हटलं तर मी काय, पाना घेऊन बसलेला कोणीही."

"आणि ती अदा? टेबलावर हात ठेवायची?"

"कसली अदा? आण तुझा हात."

त्यांनी माझा तळहात टेबलावर ठेवला, बाईंच्या त्या मशीनच्या डाव्या अंगाला, आणि चाक फिरवलं. आधी मला नुसतं थरथरणं लागलं. मग त्यांनी माझी दोन बोटं मशीनच्या मानेवर नेली. "आता. सुई खाली जाताना बघ. एक ठोका दुहेरी येतो का?" आला. बोटाखाली काहीतरी अडखळलं आणि पुढे गेलं, जिन्यात पायरी चुकल्यासारखं.

"हाच तो दांडा," ते म्हणाले. "नमुन्याच्या दिवशीही लागला होता हाताला. पण कानाला आलं नाही, म्हणून मी हाताला खोटं ठरवलं. एवढ्या वर्षांचा कान, दोन महिन्यांचा हात. कोणावर विश्वास ठेवणार?"

१६ फेब्रुवारी, रविवार

बाईंच्या घरी गेलो. जाताना मी वाक्यं जुळवत होते, हादरे, वाहतूक, जुना दांडा. मिस्त्री बसले आणि पाणी यायच्या आधीच म्हणाले, "बाई, माझा कान गेलाय. त्या दिवशी मशीनचं मला ऐकू आलं नाही. चूक माझी."

मी म्हटलं, "आणि जे ऐकू येत होतं ते मी पुसलं."

बाईंनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. "दोघांनी मिळून केलंत म्हणायचं." मग कपाळाला हात लावला. मी मनातल्या मनात कव्हरवाल्याला गाळ्याची चावी देऊन आले.

मिस्त्रींनी हाताचं सांगितलं. कसा ठेवायचा, कुठे ठेवायचा. बाईंच्या जेवणाच्या टेबलावर त्यांचं घरचं मशीन ठेवून दाखवलंही. बाईंनी तळहात टेकवला, डोळे मिटले, पुन्हा टेकवला.

"मिस्त्री," त्या म्हणाल्या, "माझ्या हॉलमध्ये तुम्ही कधी उभे राहिलात का? सगळी मशीनं चालू असताना?"

"हो की."

"काय ऐकू येतं तिथे? काही नाही. मुली कानात कापूस घालून बसतात. तुमचा कान मागताना मला हे सुचलंच नाही." त्या हसल्या, पण अजून रागात होत्या. "त्या पोरीला हाताने कळलं होतं. तेच शिकवा. सहा महिने बघू. पहिली चूक माफ, दुसरी नाही."

येताना मिस्त्री म्हणाले, "डावीकडून जाऊ." मी उजवीकडून म्हटलं होतं. किती दिवसांनी.

१९ फेब्रुवारी, बुधवार

कानाच्या डॉक्टरांची वेळ मिळाली, पुढच्या आठवड्यात. मी लगेच मोबाइलवर कानात घालायच्या यंत्रांची तुलना बघायला बसले. बजेटमध्ये कुठलं, बॅटरी कुणाची टिकते. लेकीने फोनवरच ओरडून बंद करायला लावलं. "आई, खबरदार. आधी डॉक्टर. आणि मधलं घेऊ नकोस."

२२ फेब्रुवारी, शनिवार

पहिला नवा व्हिडिओ आज पुरा झाला. खिडकी, पुठ्ठा, रिळांची खोकी, इस्त्री, सगळं तेच. फक्त त्यांचा हात. तळहात टेबलावर, मग दोन बोटं मानेवर. मी जवळून घेतला, नखांतलं तेल दिसेल इतका. माईक लावलाच नाही. तिसरा माईक काउंटरखाली त्याच्या खोक्यात पडून आहे. परत करायची मुदत संपत आली.

या वेळी खाली अक्षरं दिली. बोललेलं तर लिहिलंच, पण मशीनचंही लिहिलं. जिथे सुई नीट चालते तिथे "टक, टक, टक". जिथे अडखळते तिथे "टक, ट-टक". आणि जुन्या तुकड्यातली ती चिवचिव परत आणून जोडली, खाली लिहिलं, "चिव". लिहायला बसल्यावर लक्षात आलं की आवाज लिहायचा तर आधी नीट ऐकावा लागतो. माझी सबंध दुपार त्यात गेली.

मिस्त्रींना दाखवला. हेडफोन न लावता त्यांनी मोबाइल हातभर लांब धरला, चष्मा वर केला. ओठ हलत होते. टक, टक, टक. "चिव" आलं तिथे थांबवून पुन्हा मागे नेलं. पुन्हा बघितलं. तिसऱ्यांदा बघितलं.

"आता नीट पोचतंय," म्हणाले. खालच्या अक्षरांवर बोट टेकवलं, मोबाइल माझ्याकडे दिला आणि मशीनकडे वळले. "हा माईक चांगला निघाला. हा परत नको करूस."

"नाही करत," मी म्हटलं.

मग टेबलाला वळसा घालून त्यांच्या समोर गेले आणि पुन्हा म्हटलं, "नाही करत."